डांबर, साक्ष आणि वसतिगृह : न लिहिल्या गेलेल्या एका रहस्यकथेविषयी

दसरा सरला की बीड–परळी रस्त्यावरच्या वडवणीत आणि भोवतालच्या गावांत, तांड्यांत एक निराळीच लगबग सुरू होते. मुकादमाकडून घेतलेली उचल कधीच खर्च झालेली असते. आता ती अंगमेहनतीने फेडायची असते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडीकुंडी, ज्वारीचे पोते, अंथरूण आणि एखादे तान्हे मूल चढते आणि नवरा-बायकोची जोडी, जिला या धंद्यात ‘कोयता’ म्हणतात, साखर कारखान्याच्या वाटेला लागते. माणसांना हत्याराच्या नावाने मोजणारा हा शब्द आमच्या भाषेत किती सहज रुळला आहे! पुढचे पाच-सहा महिने हे लोक सातारा, सांगली, कोल्हापूर, बेळगाव या पट्ट्यात फडाशेजारच्या कोपीत राहणार. मागे गावात उरतात म्हातारी माणसे आणि शाळेत जाणारी मुले. या मुलांसाठी ‘हंगामी वसतिगृह’ नावाची सोय आहे. कागदावर ते वसतिगृह असते. प्रत्यक्षात बऱ्याच ठिकाणी दोन वेळचे जेवण शाळेत आणि झोपायला आजीचे घर, असा त्याचा संसार चालतो.

या प्रदेशातून वाचकाने जर विचारले, की मराठीत वसतिगृहावर बेतलेली, मुलांमधल्या छळाची आणि त्यातून पोखरल्या जाणाऱ्या मनाची रहस्यकादंबरी कोणती, तर आम्हांला चटकन एकही नाव सुचत नाही. इंग्रजीत तर या प्रकाराचे कपाट भरलेले आहे. हा अभाव आम्हांला बोचतो तो वाङ्मयप्रकारांच्या यादीतली एक जागा रिकामी आहे म्हणून नव्हे. ज्या समाजाच्या दोन-तीन पिढ्या वसतिगृहांच्या आधारानेच शिकल्या, त्या समाजाने वसतिगृहातल्या रात्रीची गोष्ट का लिहिली नाही, हा प्रश्न इतिहासाचा आहे. म्हणून त्याचे उत्तर आम्ही आधी इतिहासात शोधणार आहोत.

प्रथम परक्या मुलखाकडे एक दृष्टिक्षेप. थॉमस ह्यूज यांची ‘टॉम ब्राउन्स स्कूलडेज’ १८५७ साली आली आणि तिने रग्बीच्या शाळेतला फ्लॅशमन हा दांडगा मुलगा अजरामर केला. लहान मुलाला पेटत्या शेकोटीपुढे धरून भाजण्यापर्यंत त्याची मजल जाते. तिच्या दहा वर्षे आधी शार्लट ब्राँटी यांनी ‘जेन एअर’मध्ये लोवूडची शाळा दाखवली होती. तिथे छळ मोठ्या मुलींचा नाही, तर व्यवस्थापनाचा आहे, आणि तोही धर्मादायाच्या नावाने. १९०६ मध्ये रॉबर्ट म्यूझिल यांनी टोर्लेस नावाच्या मुलाच्या कादंबरीत याहून पुढचे पाऊल टाकले. चोरी करताना सापडलेल्या एका मुलाचा दोन सोबती गुप्तपणे छळ करतात आणि टोर्लेस ते पाहत राहतो. म्यूझिलचे लक्ष मारणाऱ्यापेक्षा पाहणाऱ्यावर अधिक आहे. रहस्यकथेने ही सामग्री पुढे उचलली. जोसेफिन टे यांच्या ‘मिस पिम डिस्पोझेस’ (१९४६) मध्ये मुलींच्या निवासी महाविद्यालयात एक मृत्यू घडतो आणि मानसशास्त्रावर पुस्तक लिहून नाव मिळवलेली पाहुणी, आपल्या हाती आलेला पुरावा द्यायचा की गिळायचा, या पेचात सापडते. म्हणजे हा प्रकार जिथे खरोखर उंची गाठतो, तिथे ‘कोणी केले’ यापेक्षा ‘कोण बोलेल’ हा प्रश्न वरचढ ठरतो. हे सूत्र ध्यानात ठेवून आपण कोल्हापूरला जाऊ.

पण त्याआधी एक शब्दविषयक विषयांतर. इंग्रजीतल्या ‘बुलिंग’ला मराठीत नेमका प्रतिशब्द नाही, ही तक्रार आपण नेहमी ऐकतो. छळ आहे, दादागिरी आहे, पाणउतारा आहे, खोड्या आहेत, पण यांतला प्रत्येक शब्द त्या अनुभवाचा एकेक तुकडाच पकडतो. आणि करणाऱ्याच्या तोंडी मात्र एकच शब्द असतो : गंमत. ‘गंमत केली, सर’ एवढ्या तीन शब्दांवर वसतिगृहातले किती खटले निकाली निघाले असतील, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही. सोसणाऱ्याची भाषा त्याहून तोकडी. त्याला ‘करमत नाही’, त्याने ‘धसका घेतला’, त्याच्या ‘मनाला लागले’. आणि हेही म्हणण्याची सोय नसली, तर त्याचे पोट दुखते. मुले मनाचे दुखणे पोटाच्या नावाने सांगतात, हे डॉक्टरांना ठाऊक आहे. आमच्या बहुतेक वसतिगृहांत त्यावर ओवा दिला जातो.

आता कोल्हापूर. १९०१ मध्ये शाहू महाराजांच्या प्रेरणेने तेथे व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झाले आणि पुढच्या काही वर्षांत जैन, मुसलमान, लिंगायत अशी एकेका समाजाची बोर्डिंगे त्या शहरात उभी राहिली. कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात ते यामुळे. जातवार बोर्डिंगे काढण्यात आज काहींना विसंगती वाटते. पण खेड्यातून आलेल्या मुलाला शहरात भाड्याने खोली आणि पंगतीला पाट मिळत नव्हता, तेव्हा हाच मार्ग व्यवहार्य होता. इंग्लंडातले बोर्डिंग आपल्या मुलाला सत्तेसाठी घडवायला पाठवणाऱ्या घरांचे होते. आमचे बोर्डिंग ज्यांना शाळेच्या गावात डोके टेकायला जागा नव्हती त्यांचे होते. हा फरक साधा दिसतो, पण पुढचे सारे त्यातून निघते. रग्बीचा टॉम ब्राउन घरी परत गेला असता, तर फार तर बापाची नाचक्की झाली असती. कोल्हापूरच्या बोर्डिंगातून बाहेर पडलेल्या मुलाचे शिक्षणच संपत होते. असा मुलगा तक्रार करीत नाही.

या नियमाला ठळक अपवाद ठरला तो कुंभोजला १८८७ साली जन्मलेला एक जैन मुलगा, भाऊराव पायगोंडा पाटील. तो जैन बोर्डिंगात राहत होता. १९०८ मध्ये अस्पृश्य विद्यार्थ्यांसाठी मिस क्लार्क वसतिगृह निघाले, तेव्हा त्या समारंभाला भाऊराव गेले. परतल्यावर अंघोळ करूनच भोजनगृहात यावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी नकार दिला. बोर्डिंगचे अधीक्षक अण्णासाहेब लठ्ठे यांनी त्यांना काढून टाकले. लठ्ठे हे कोणी अडाणी कर्मठ गृहस्थ नव्हते. ते उच्चशिक्षित होते, सत्यशोधक विचारांच्या वर्तुळातले होते, समाजसुधारक म्हणून त्यांची ओळख होती. म्हणूनच या प्रसंगाचे मोल आम्हांला अधिक वाटते. वसतिगृहातला दंड दरवेळी दुष्ट माणूसच देतो असे नाही. कधी तो संस्थेची घडी मोडू नये म्हणून काळजीत पडलेला भला माणूस देतो.

चरित्रकार येथे सहसा नायकाच्या तेजस्वी बाणेदारपणाचे वर्णन करून पुढे जातात. आम्हांला मात्र त्या बोर्डिंगातल्या इतर मुलांची आठवण होते. ती अंघोळ करून जेवायला बसली असतील. त्यांच्यापैकी कोणाला भाऊरावांचे पटले असेल का? पटले असल्यास त्या रात्री घास कसा गेला असेल? इतिहासाकडे त्यांची नावे नाहीत. म्यूझिलने लिहिली असती ती कादंबरी या मुलांची.

यानंतर सहा वर्षांनी, १९१४ मध्ये, या कथेचा दुसरा भाग घडला, आणि तो तर सरळ रहस्यकथेच्याच साच्याचा आहे. कोल्हापुरात ब्रिटिश राजघराण्याच्या पुतळ्यावर कोणी तरी रात्री डांबर ओतले. संस्थानच्या दृष्टीने हा राजद्रोह होता, गुन्हेगार सापडणे अटळ होते. आणि संशयाचे बोट वळले ते लठ्ठ्यांकडे. पुरावा हवा होता. लठ्ठ्यांच्या विरुद्ध साक्ष द्यायला सर्वांत योग्य माणूस कोण? ज्याला त्यांनी बोर्डिंगातून घालवून दिले होते तो. जुना राग काढण्याची आयती संधी आणि वर संस्थानची मर्जी. पोलिसांचा हा हिशेब तर्काला धरून होता. फक्त माणूस चुकला होता. भाऊरावांनी खोटी साक्ष देण्यास नकार दिला. त्यांना अटक झाली, कोठडीत मारहाण झाली, दडपण वाढत गेले. या यातनांत त्यांनी एकाहून अधिक वेळा आपला जीव संपवण्याचा प्रयत्न केला, अशी नोंद त्यांच्या चरित्रांत आहे. अखेर सुटका झाली.

ही नोंद आपण शाळेत कधी वाचली होती का, हे वाचकांनी आठवून पाहावे. कर्मवीरांच्या जयंतीला वटवृक्षाची उपमा येते, ‘स्वावलंबी शिक्षण’ हे ब्रीद येते, दाढी आणि घोंगडी येते. सत्तावीस वर्षांचा, मार खाल्लेला आणि जगणे नकोसे झालेला तरुण मात्र येत नाही. थोर पुरुषाच्या चरित्रात अशी पाने असणे कमीपणाचे मानले जाते. आम्हांला उलट वाटते. महाराष्ट्रातल्या वसतिगृहांचा सर्वांत मोठा शिल्पकार स्वतः एका वसतिगृहातून हाकललेला होता आणि पुढे छळाच्या टोकाला जाऊन परतलेला होता, ही गोष्ट प्रत्येक अधीक्षकाला आणि प्रत्येक विद्यार्थ्याला ठाऊक असायला हवी. खोलीत एकटा पडलेल्या मुलाला वटवृक्षाचा काय उपयोग? पण ‘त्यांनाही असे वाटले होते, आणि ते पुढे पंचेचाळीस वर्षे जगले’ हे वाक्य त्याच्या कामाचे आहे.

या कथेची पुढची वळणे कोणत्याही कादंबरीकाराने हेवा करावा अशी आहेत. लठ्ठ्यांनी १९२४ मध्ये शाहू महाराजांचे इंग्रजी चरित्र प्रसिद्ध केले. पुढे ते त्याच कोल्हापूर संस्थानचे दिवाण झाले आणि १९३७ मध्ये मुंबई प्रांताचे अर्थमंत्री. आणि भाऊरावांनी? १९१९ साली सातारा जिल्ह्यातल्या काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापली. १९२४ मध्ये साताऱ्यात सर्व जातींच्या मुलांचे एकत्र वसतिगृह काढले आणि त्याला नाव दिले ‘छत्रपती शाहू बोर्डिंग हाऊस’. नामकरण १९२७ मध्ये महात्मा गांधींच्या हस्ते झाले. ज्यांच्या संस्थानच्या कोठडीत मार खाल्ला, त्यांचेच नाव! हे औदार्य होते, की त्या राजाने शिक्षणासाठी जे केले त्याचे माप त्यांनी आपल्या जखमेपासून वेगळे ठेवले होते? आम्ही दुसऱ्या उत्तराकडे झुकतो. या बोर्डिंगात मुले एकत्र स्वयंपाक करीत आणि एकाच पंगतीला बसत. जेवणघराच्या उंबऱ्यावर अंघोळीची अट नव्हती. मुलांच्या धान्याची अडचण पडली तेव्हा लक्ष्मीबाईंनी मंगळसूत्र मोडले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. १९०८ साली भोजनगृहाच्या दारात जे बिघडले, ते दुरुस्त करण्याचे काम भोजनगृहातच झाले.

याच काळात दूर खानदेशात, अमळनेरला, आणखी एक अधीक्षक घडत होता. साने गुरुजी १९२४ पासून तेथील शाळेत शिकवीत आणि छात्रालय सांभाळीत. मुलांच्या खोल्या झाडणे, आजाऱ्याची शुश्रूषा करणे, हे सारे ते हाताने करीत. शिवाय ‘छात्रालय दैनिक’ नावाचे हस्तलिखित पत्र काढीत. अध्यापकांनी या दैनिकाचा विचार गांभीर्याने करावा, असे आम्हांला वाटते. वसतिगृहाच्या छळाचे खरे बळ मुक्याने सोसण्यात असते. जिथे रोज सकाळी एक कागद भिंतीवर लागतो आणि काल काय घडले ते बोलले जाते, तिथे अंधार जरा विरळ होतो. गुरुजींचा स्वतःचा शेवट १९५० मध्ये त्यांनी आपल्याच हाताने केला. मुलांचे दुःख झेलणाऱ्या माणसाचे दुःख झेलणारे कोणी होते का, हा प्रश्न ‘श्यामची आई’ शिकवताना वर्गात निघाला, तर तो बाजूला सारू नये.

मराठवाड्यात चित्र निराळे होते. निजामी राजवटीत मातृभाषेतले शिक्षण हीच लढाई होती. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा आणि अंबाजोगाईची योगेश्वरी ही केवळ विद्यालये नव्हती, आणि स्वामी रामानंद तीर्थांनी दोन्हीकडे शिकवले. अशा ठिकाणी विद्यार्थी निवास करी तो जवळपास दीक्षा घेतल्यासारखा. पुढे १९५० मध्ये डॉ. आंबेडकरांनी औरंगाबादला (आताचे छत्रपती संभाजीनगर) महाविद्यालय काढले. मिलिंद या नावाने ते ओळखले जाऊ लागले, आणि त्याच्या वसतिगृहांत मराठवाड्यातल्या दलित तरुणांची पहिली मोठी लेखक-पिढी राहिली, वाचू लागली, भांडू लागली.

आता साहित्याकडे वळू. बाबूराव अर्नाळकरांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या. त्यांचे धनंजय आणि झुंजार मुंबईच्या गल्ल्या, बंगले, बंदरे पिंजून काढतात, पण बोर्डिंगाच्या खोलीत त्यांना कोणी बोलावले नाही. ज्याला बोलावण्याची गरजच नव्हती, तो भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे. फुरसुंगीचा हा बनेश पुण्याच्या विद्याभवनात शिकतो आणि वसतिगृहात राहतो. म्हणजे मराठीतल्या सर्वांत लाडक्या बाल-गुप्तहेराचा पत्ताच वसतिगृहाचा आहे! पण भागवतांच्या हाती ते वसतिगृह सायकल उभी करण्याची जागा बनते. रहस्य फाटकाबाहेर असते. चोर, तस्कर, शत्रू बाहेरचे. आतले जग निर्मळ. ही भागवतांची उणीव म्हणायला आम्ही धजणार नाही. त्या निर्मळपणाने दोन पिढ्यांचे बालपण उजळले आहे. पण सावली ज्या ठिकाणी पडायला हवी होती, तेथे पडली नाही, एवढी नोंद समीक्षकाने करावी.

ती सावली दुसरीकडे पडली. नेमाड्यांच्या ‘कोसला’त (१९६३) खेड्यातून पुण्याला आलेला पांडुरंग सांगवीकर वसतिगृहात राहतो. तिथली पदे, मेसचे व्यवहार, मित्रांची उसनवारी, थट्टा यांतून त्याचे मन कसे झिजत जाते, हे त्या कादंबरीत बारकाईने आले आहे. गंमत या शब्दाच्या पोटात काय काय दडलेले असते, याचा मराठीतला हा सर्वांत चिकाटीचा शोध होय. पण तिथे गुन्हा नाही, गुन्हेगार नाही, उकल तर नाहीच. आणि दया पवारांच्या ‘बलुतं’पासून (१९७८) पुढच्या आत्मकथनांत बोर्डिंग येते ते भुकेच्या आणि जातीच्या हिशेबासह. त्यांतही रहस्य नाही, कारण गुन्हेगार कोण हे पहिल्या पानापासून सर्वांना ठाऊक आहे. रहस्यकथेला एक गोष्ट गृहीत धरावी लागते : गुन्हेगाराचे नाव कळले, की न्याय होईल. ज्या मुलाला नाव कळूनही काही होत नाही हे सातव्या वर्षीच समजले, तो मोठा होऊन रहस्यकथा लिहीत नाही, आत्मकथन लिहितो. मराठीत हा प्रकार का फुलला नाही, याचे आम्हांला पटणारे कारण हे आहे. आमच्या लेखकांना कल्पकता कमी पडली, हे नेहमीचे उत्तर आम्हांला उथळ वाटते.

कायदा मात्र साहित्याच्या पुढे गेला. १९९९च्या महाराष्ट्र रॅगिंग प्रतिबंध कायद्याने छळाच्या व्याख्येत मानसिक इजा, भीती, लाज यांचा समावेश केला आणि चेष्टामस्करीलाही त्यात ओढले. ‘गंमत केली, सर’ हा बचाव निदान कागदावर तरी संपला. त्याहून लक्षणीय म्हणजे तक्रार येऊनही स्वस्थ बसणाऱ्या संस्थाप्रमुखाला त्याने गुन्ह्याचा साथीदार मानले. २०१७च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याने जीव देऊ पाहणारा माणूस तीव्र ताणाखाली आहे असे गृहीत धरावे, त्याला शिक्षा नव्हे तर उपचार द्यावेत, असे सांगितले. १९१४च्या त्या कोठडीपासून या कलमापर्यंत यायला शंभरावर वर्षे लागली.

आणि वडवणी? २०२१ मध्ये राज्य शासनाने ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी संत भगवानबाबांच्या नावाने ८२ वसतिगृहांची योजना जाहीर केली. म्हणजे एका शतकापूर्वी कोल्हापूर-साताऱ्यात जे सुरू झाले, ते आता बालाघाटाच्या डोंगररांगांत नव्याने मांडले जात आहे. फरक इतकाच, की तेव्हा मुले शाळेच्या गावी जात आणि आईबाप गावात राहत. इथे आईबाप जातात आणि मूल आपल्याच गावात परके होते. इमारत, गाद्या, भोजनाचा ठेका यांची चर्चा होते, व्हायलाच हवी. अधीक्षक कोण असावा, त्याला काय ऐकू यावे, रात्री दिवे मालवल्यावर मोठ्या मुलांच्या खोलीत लहान मुलाला कोण पाठवतो, याची चर्चा क्वचित होते. वडवणीच्या एखाद्या शाळेतून उद्या कोणी ही गोष्ट लिहिलीच, तर तिचे पहिले प्रकरण बहुधा फोनवर घडेल. मोबाइल आजीचा असेल. पलीकडे दिवसभर मोळ्या बांधून थकलेली आई, हातकणंगल्याकडच्या कुठल्या तरी फडात, कदाचित कुंभोजच्याच शिवारात. ती विचारील, जेवलास का. तो हो म्हणेल. ती विचारील, बरा आहेस ना. आणि थोडा वेळ थांबून तो सांगेल की पोट दुखतंय.